लिफ्टचं गाणं

हॉटेलातल्या लिफ्ट सांभाळणाऱ्या मिस्त्रीला कामाला लागल्यापासून एकच कोडं पडलं होतं. लिफ्टमध्ये वाजणारं ते गाणं मुळात कुणाचं? शब्द नाहीत, नुसती गिटार आणि बासरी. सुरुवातीला त्याची पक्की समजूत होती की गाणं लिफ्टबरोबर कारखान्यातूनच बसवून येतं. मग तेच दातांच्या दवाखान्यात ऐकू आलं. बँकेला फोन लावला, तर तिथेही तेच. परदेशी निघालेल्या लेकीने विमानतळावरून फोन केला, तर मागे तेच. "बाबा, तुमची लिफ्ट इथपर्यंत आलीय," ती म्हणाली. तो हसला, पण डोक्यातला किडा काही जाईना.

शब्द नव्हतेच, म्हणून त्याने आपले घातले. "वर जाते, खाली येते, मधेच का गं रुसते..." तेल घालताना, दारं पुसताना हेच. हाताखाली काम करणारा मेव्हणा पार कावून गेला होता. "भाऊजी, लग्न ताईने केलंय तुमच्याशी. मला कशाला ऐकवता?" असं तो रोज म्हणायचा.

एका दुपारी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एकटी परदेशी पाहुणी. गाणंही बंद पडलेलं. ती घाबरून दारं ओढू लागली आणि फट पडलीसुद्धा. मशीनरूममधलं चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्यावर आणता येते, पण ती फटीतून अंग बाहेर काढत असताना चाक फिरवायचं कसं? मशीनरूममधल्या इंटरकॉमवर त्याने "थांबा, थांबा" करून पाहिलं. तिला त्याची भाषा कळेना, त्याला तिची. इंग्रजी येणारी स्वागतकक्षातली मुलगी जिन्याने वर येत होती, पण तोवर धीर धरण्याची सोय नव्हती. दार करकरतच होतं.

काय सुचलं कोण जाणे, त्याने सुरू केलं, "वर जाते, खाली येते..."

मेव्हण्याने कपाळावर हात मारला. "भाऊजी, ही काय वेळ आहे?"

करकर थांबली. मग इंटरकॉमवर कापरा आवाज आला. चाल तीच, शब्द भलतेच.

"ब्रेक सोड," मिस्त्री मेव्हण्याला कुजबुजला आणि गातगातच चाक फिरवू लागला. त्याला दम लागला की पुढची ओळ ती उचलायची.

दार उघडून बाई बाहेर आल्या, तेव्हा तो मेव्हण्याला घेऊन धावतच खाली गेला. स्वागतकक्षातली मुलगी त्यांच्याजवळ उभी होती. "आधी एवढं विचारा," तो तिला म्हणाला, "गाणं त्यांच्याकडचंच ना?"

मुलीने विचारलं आणि तिला हसू फुटलं. "त्या हेच तुम्हाला विचारणार होत्या. त्यांना वाटलं, गाणं इथलंच."

मुलीने फोनला चाल गुणगुणून दाखवली. गाणं ब्राझीलचं निघालं. बोसा नोव्हा म्हणतात म्हणे त्या प्रकाराला. ब्राझीलकडे दोघांपैकी कुणी फिरकलंही नव्हतं.

"मग त्या गात होत्या ते शब्द?"

"त्यांच्या आजीचे. रेडिओवर लागायचं, पण भाषा कळायची नाही. म्हणून आजी आपलंच म्हणायची, दूध उतू चाललं, कुणी आहे का घरात? आणि तुमच्या शब्दांचा अर्थ विचारतायत."

मिस्त्री लाजला. "सांगा, लिफ्ट रुसलीय म्हणून."

बाई पोट धरून हसल्या. आपल्यासारखं आणखी कुणीतरी वेडं जगात होतं, याचा त्याला फार आनंद झाला.

वीज आली, तसं लिफ्टमधलं गाणंही सुरू झालं. अजून कुठल्या घरात, कुणी, काय शब्द घातले असतील, याच विचारात मिस्त्री दार पुसत राहिला. पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद होतं. मागे मेव्हणा तेलाचा डबा आवरत गुणगुणत होता, "दूध उतू चाललं, कुणी आहे का घरात..."