भूत व्हायची बी लायकी नाही

मंडळी, दुपारपासून डोकं तापलेलंच आहे, म्हणून इथं लिहून राहिली.

आज सुट्टी होती, तं पांढुर्ण्याहून सौंसरले ताईकडे गेली होती. जेवणं झाल्यावर भाचीनं टीव्हीवर जुना विलायती पिक्चर लावला. रक्त पिणाऱ्या पिशाचाचा, मराठीत डब केलेला.

पिशाच म्हणजे गोरापान जमीनदार. बोलणं एकदम पुस्तकी: "आपण आलात, आनंद जाहला." ज्या गोऱ्या बायांले तो चावते, त्या बी तशाच शुद्ध बोलतात. अख्ख्या पिक्चरमध्ये काळा माणूस एकच, बग्गी हाकणारा. त्याले नाव बी नाही. अन् तो तोंड उघडते तं काय म्हणते? "मालक, मी घोडे बांधून राहिलो!"

भाऊजी खो खो हासले. "हा तं आपल्या बोरगावचा निघाला!"

थोड्याच वेळात पिशाचानं त्याले चावलं. पिक्चर संपला तशी भाची म्हणे, "मावशी, बाकीचे सारे पिशाच होऊन परत आले. हा काऊन नाही आला?"

खरंच नाही आला. बाकीच्यांले सुळे फुटले, ते अमर झाले. हा नुसता मेला.

ज्यांनी पिक्चर काढला त्यांनी त्याले काळा म्हणून मारलं. पण डबिंगवाल्यांनो, त्याच्या तोंडात आमची बोली तं तुम्हीच घातली नं? "करून राहिलो" म्हटलं का माणूस गडीच असते काय? याच बोलीत आम्ही वर्गात शिकवतो, याच बोलीत मेलेल्या माणसासाठी रडतो.

सांगा आता, भूत व्हायले बी शुद्ध मराठी यावं लागते काय?