रंग जुळत नाही

रेडिओवरच्या त्या रहस्यमालिकेचा तो भाग वाईट होता, हे माझं मत आजही बदललेलं नाही. आवाज चांगले होते, दाराची करकर झकास होती, गुप्तहेराचं खोकणंसुद्धा खरं वाटायचं. पण लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी हरवलेलं माणूस शोधलेलं नव्हतं. त्या भागात एका श्रीमंत गृहस्थाची बायको बेपत्ता होते. गुप्तहेर विचारतो, "शेवटचं पाहिलंत तेव्हा त्यांच्या अंगावर काय होतं?" आणि नवरा धडाधड सांगत सुटतो: मोरपंखी शालू, चार बोटं रुंद काठ, डाव्या हातात तीन बांगड्या, उजव्या हातात चार, पदराला इस्त्रीचा डाग. मला विचाराल तर गुप्तहेराने तिथल्या तिथे त्याच्या मुसक्या बांधायला हव्या होत्या. ज्याला बायकोचं इतकं आठवतं त्यानेच काहीतरी केलेलं असणार. खऱ्या नवऱ्यांना यातलं काही सांगता येत नाही. खऱ्या मुलींनाही नाही. हे मी ज्या आठवड्यात शिकले त्याच आठवड्यात तो भाग लागला.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो. माडीवर दोन खोल्या. आई, बाबा आणि मी. खाली काकूंचं बिऱ्हाड, आणि त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ. दर शुक्रवारी संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की मी आणि बाबा खाली जायचो. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, शिक्षिकेच्या कोर्सला जाणारी आणि चांगलीच शिष्ट. खुनी कोण हे मी गुप्तहेराच्या आधी सांगायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. काकू म्हणायच्या, "अगं, तुला पोलिसातच घ्यायला पाहिजे." बाबा म्हणायचे, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," पण म्हणताना छाती त्यांचीच फुगायची. आई वर स्वयंपाकघरात असायची. आम्ही परत येईपर्यंत तिने ताटं वाढलेली असायची, आणि जेवताना आम्ही दोघं मालिकेबद्दलच बोलायचो. तिला गोष्ट पहिल्यापासून सांगावी असं आम्हाला कधी सुचलं नाही.

एका मंगळवारी दुपारी मी घरी आले तर दाराला बाहेरून कडी. आत भात झाकून ठेवलेला, आमटी गार. आई देवळात गेली असेल म्हणून मी जेवून घेतलं. हो, जेवून घेतलं, आणि वर पुस्तक उघडून बसले. दिवेलागण झाली तेव्हा कुठे मी खाली काकूंना विचारायला धावले. बाबा कामावरून आले, देऊळ, विहीर, ओळखीची घरं पालथी घातली. गेले काही महिने आई फार बोलत नसे. मामा गेल्यापासून तर अगदीच गप्प झाली होती. तिला काय होतं हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. कोलशेतला तिच्या माहेरी कुणाला तरी पाठवलं, तर मामांच्या घराला कुलूप होतं तसंच होतं.

चौकीत हवालदाराने पेन्सिल ओली करून विचारलं, "अंगावर काय होतं?"

बाबा म्हणाले, "हिरवं लुगडं." मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सकाळी तिने माझ्या हातात डबा दिला होता, तो हात मला डोळ्यांसमोर दिसत होता, पण मनगटाच्या वर काहीही दिसत नव्हतं. तरी मी मान डोलावली. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली.

त्या हिरव्याने बुधवारी बाबांना ठाण्याला नेलं. खाडीत एका बाईचं प्रेत मिळालं होतं, अंगावर हिरवं लुगडं. दवाखान्यात चादर वर करून दाखवली. ती आई नव्हती. बाबा घरी आले ते जिना चढू शकले नाहीत, मधल्या पायरीवरच बसले आणि मला म्हणाले, "पोरी, पुन्हा असं बघायला लावू नकोस मला." मी त्यांना पाणी दिलं आणि मनात ठरवलं की आता जे काही येईल ते आधी मी पारखीन.

गुरुवारी दुपारी बाबा कल्याणच्या बाजूला शोधायला गेले असताना हवालदार दारात आला. कळव्याला मिठागरावरच्या एका घरी एक बाई मंगळवारपासून बसून आहे, म्हणाला. पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू. कुठली म्हणून विचारलं तर बोलत नाही, नवऱ्याचं नाव विचारलं की मान खाली घालते.

मी विचारलं, "लुगडं कसलं आहे?"

"विटकरी."

मला केवढं हायसं वाटलं! मी म्हटलं, "मग ती आमची नव्हे. रंग जुळत नाही."

"बाई, एकदा येऊन बघून तरी जा. गाडीने किती वेळ लागतो?"

"नवऱ्याचं नाव कुठलीही बाई घेत नाही, हवालदार. कुंकूही सगळ्याच लावतात. खूण म्हणाल तर लुगड्याची, आणि ती जुळत नाही. आमची नाही म्हणून कळवा."

तो डोकं खाजवत गेला. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे मी कबूल करते. दर शुक्रवारी काकूंकडे बसून मी अगदी असंच बोलायची. संध्याकाळी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस, माझी फेरी वाचवलीस."

शुक्रवार उजाडला आणि मावळायला आला. चार दिवस. बाबांनी दाढी केलेली नव्हती. ते अचानक उठले आणि म्हणाले, "चल, खाली जाऊ." मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. पण त्यांना कुठेतरी जाऊन बसायचं होतं, जिथे कुणीतरी शोधतंय आणि शेवटी सापडतं. काकूंनी रेडिओ लावावा की नाही म्हणून हात मागे घेतला, तर बाबा म्हणाले, "लावा, लावा." ते पेटीच्या इतके जवळ सरकले की गुडघे तिला टेकले. तो गुप्तहेर आता आईचा पत्ता सांगणार आहे असं त्यांचं तोंड झालं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग तो प्रश्न आला आणि त्या नवऱ्याचं उत्तर. मोरपंखी, चार बोटं, तीन बांगड्या. काकू नेहमीसारखं "काय बाई आठवण!" म्हणाल्या आणि जीभ चावली. बाबा माझ्याकडे वळले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मी हिरवं का सांगितलं गं?"

काकूंनी रेडिओचा आवाज कमी केला.

"लग्नात तिच्या अंगावर हिरवं होतं," ते म्हणाले.

मी उठले आणि एकेका झेपेत दोन पायऱ्या चढत वर आले. आईची ट्रंक कधीच कुलूपबंद नसायची, पण चार दिवसांत ती कुणी उघडलेली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वरच हिरवं लुगडं होतं, धुतलेलं, घडी घातलेलं. त्याखाली निळं. तळाशी वर्तमानपत्राचा कागद आणि दोन डांबरगोळ्या, मधली जागा रिकामी. तिथे काय असायचं हे मला तेव्हा आठवलं. मामांनी शेवटच्या भाऊबीजेला दिलेलं लुगडं. तिने ते नेसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विटकरी होतं.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. काकू म्हणतात, ओरडले. आम्ही चौकीत धावलो. हवालदार म्हणाला, ते घर मिठागराच्या पार आत आहे, अंधारात बांधावरून पाय घसरून तुम्हीच जाल, सकाळी जा. त्या श्रुतिकेत पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही, आणि पुढे कुठलीच रहस्यकथा ऐकली नाही.

शनिवारी पहिल्या गाडीने आम्ही कळव्याला उतरलो. बाबा बांधावरून इतक्या भराभर चालत होते की मला धावावं लागत होतं. मी मनात एकच घोकत होते: आई, मी आले, ओरड मला, पाठीत धपाटा घाल, पण तिथे अस. मिठाचे ढीग, एक खोपटीवजा घर, पुढे सारवलेला ओटा. ओट्यावर कुणी नव्हतं.

आई आम्हाला पुन्हा कधीच दिसली नाही, हे इथेच सांगून टाकते. रहस्य लांबवायची हौस माझ्यात आता उरलेली नाही. कोलशेतच्या किनाऱ्यापासून शीळफाट्यापर्यंत आम्ही वर्षभर विचारत फिरलो. दर वेळी बाबा आधी मला बोलू द्यायचे, आणि दर वेळी मी पहिला शब्द उच्चारायची तो "विटकरी".

त्या घरातली बाई मीठ ओढून आलेली होती, पोटऱ्यांपर्यंत पांढरी. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "मंगलवारपासून व्हती. या वट्यावरच बसायची. आमी भाकर दिली तं खाल्ली, पन बोलली नाय. मना वाटला मुकीच हाय."

बाबांनी विचारलं, "मग गेली कधी?"

"बेस्तरवारी, सांजचे. पोलीस आलता ना, तवा. त्यानी सांगला, डोंबिवलीला इचारला, ती मानसं बोलली आमची नाय."

मी विचारलं, "आईसमोर सांगितलं त्याने?"

"हितंच बसली व्हती, बाय. ऐकलान तिनी. तवा पयल्यांदा तोंड उघारलान. इचारलान, कोन बोल्ला, त्ये का पोरगी?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

"पोलीस बोल्ला, पोरगी. मंग तिनी आपला ताट घासून पालथा घातला, नि गेली."