तानुबाईनं उपटलेली पऱ्हाटी

पिंपळगाव राजाच्या तानुबाईला व्यवहाराच्या बोलण्यात कधी कुणी विचारलं नव्हतं. माणसं ओसरीवर बसत, ती दाराशी उभी राहून ऐके.

गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तिचा नवरा भगवानराव आणि शेजारच्या वावरातला मेहबूब, दोघांनी ठरवलं की यंदा वेचलेल्या झाडांना पाणी देऊन फरदडीचं दुसरं पीक घ्यायचं नाही. वेचणी झाली की संक्रांतीच्या आत कपाशीची उभी पऱ्हाटी उपटायची, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळणार नाही. मेहबूबनं हात पुढे केला, भगवानरावांनी त्यावर टाळी दिली. झालं, ठरलं.

दिवाळीनंतर भगवानरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही कळेना. शेत तानुबाईवर आलं.

विहिरीला पाणी होतं. वेचणीनंतर पऱ्हाटीला नवी पालवी फुटली, हिरवी बोंडं लागली. दीर शेषराव म्हणाला, "वहिनी, राहू द्या उभी. शब्द दादाचा व्हता, तुमचा नाही."

दोन दिवस ती बांधावर जाऊन नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बुंधा धरून ओढायचा लोखंडी चिमटा घेऊन तिनं पहिलं झाड उपटलं. बोंडांकडे पाहून तिला रडू फुटलं, पण हात थांबला नाही.

मेहबूब धावत आला. "वहिनी, काऊन उपटून राह्यल्या? घरात दुखणं हाये. या साली घ्या फरदड. मी काही म्हननार नाही."

"तुमी दोघायनं टाळी देली तवा मी दारातच व्हती," ती म्हणाली. "मी नाही म्हनलं का?"

मेहबूब घरी परतला. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको खैरुन्निसा तिच्या वावरात आले. आधी तानुबाईचं रान मोकळं झालं, मग त्यांचं.

पुढच्या हंगामात अळी आलीच, पण उशिरा. या दोन वावरांतल्या पहिल्या दोन वेचण्यांत कापूस पांढराशुभ्र निघाला. फरदड ठेवलेल्या शेषरावच्या शेतात मात्र दसऱ्यालाच किडकी बोंडं फुटली.

त्या थंडीत शेषराव ओसरीवर आला; बायको केसरबाई घरीच होती. भगवानराव आता काठी धरून चालत होते, पण तो थेट तानुबाईशीच बोलला.

"वहिनी, माहं वावरबी तुमच्यात धरा. संक्रांतीच्या आत उपटतो."

त्यानं हात पुढे केला. तानुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊजी, आधी केसरबाईले इचारून या. उपटायले तर तीच येईन."