आमी वरचे

माणूस जिथे जन्मला तिथला तो नसतोच, असं छातीठोकपणे सांगणारा या पृथ्वीवरचा एकमेव माणूस म्हणजे माझे मामेसासरे. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात त्यांच्या सात पिढ्या भात लावत आल्या, पण मामा तिथे राहतात ते एसटी चुकली म्हणून मुक्काम पडल्यासारखे. माझ्या लग्नात, अक्षता पडून पाच मिनिटं झाली नसतील, मला बाजूला घेऊन त्यांनी उगवतीच्या डोंगरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "जावईबापू, एक ध्यानात ठेवा. आमी इथले नाय. आमी वरचे." मला वाटलं, देवाबिवाचं काही सांगतायत. त्यांना घाटावरचे, जुन्नरच्या बाजूचे, असं म्हणायचं होतं. कुठल्याशा दुष्काळात त्यांचा कोणी पूर्वज बायको, दोन पोरं आणि एक बैल घेऊन खाली उतरला, तो परत चढलाच नाही.

मामांच्या अंगात जे जे चांगलं ते घाटावरून आलेलं आणि वाईट ते सगळं खालच्या दमट हवेने केलेलं, असा सरळ हिशेब. आवाज मोठा? घाटावरचा. सर्दी? इथली. वैशाखात आम्ही सगळे बनियनवर बसून वारा घालत असताना मामा खांद्यावर घोंगडी टाकून घामाघूम बसणार आणि "आमच्यात असंच असतंय" म्हणणार. बाजरीच्या भाकरीवर तर ते तासभर बोलतात. मामी मात्र माझ्या बायकोला म्हणते, "बघ गो, घाटावरचं पोट म्हने! परवा हौसेनं भाकर केली, ती कुत्र्याला घातली न् भात तीनदा मागून जेवलं." पावसाळ्यात माळशेजचे धबधबे बघून परतणाऱ्या पोरांना ते सरळगावच्या चहाच्या टपरीवर गाठायचे आणि काळजीने विचारायचे, "वर जाऊन आलात? कशी हायत आमची लोकां?" पोरांनी मक्याचं कणीस आणि धुकं यापलीकडे काही पाहिलेलं नसायचं.

यातली खरी गंमत अशी, की मामा स्वतः घाट कधी चढलेच नव्हते. विचारलं की म्हणायचे, लावणी आहे, कापणी आहे, म्हैस व्यायलीय. एकदा मात्र खरं बोलले. "आमचा बा मरताना म्हनला, आपल्या लोकांना एकदा तोंड दाखव. पन मला भ्या वाटतं हो. गेलो न् ते म्हनले, कोन तुमी? मग?" त्यांना असं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी वाशिंदला कारखान्यात आहे, तिथे त्या बाजूचा एक जण निघाला. त्याने चौकशी केली, भावकीतल्या एका तात्यांचा नंबर दिला आणि चैत्रात, भैरोबाच्या यात्रेला, मी मामांना घेऊन वर गेलो.

घाटात मामा प्रत्येक वळणाला ओळखीचं कोणी भेटल्यासारखे मान हलवत होते. तात्या म्हणजे शांत, उंच म्हातारा. त्यांनी चांगलं स्वागत केलं, भाकरी वाढली. मामांनी दीड भाकरी डोळ्यांत पाणी आणून खाल्ली. ते पाणी भावनेचं की ठेच्याचं, हे मला कळलं नाही. पण पाहुण्यासारखं बसून राहतील तर ते मामा कसले! घरचं माणूस हातावर हात धरून बसत नाही, म्हणून सकाळी सगळे उठायच्या आत ते तात्यांच्या शेतावर पोचले. बघतात तर चैत्र अर्धा गेला आणि राब भाजलेला नाही! आमच्याकडे भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पावसाआधी जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. मामांनी बांधावरचं शेणखत पसरलं, त्यावर कडेची कडब्याची अर्धी गंज पांगवली आणि दिली काडी लावून.

धूर बघून गाव धावलं. तात्या जळणाऱ्या कडब्याकडे बघत उभे. "पाव्हणं, हे वं काय केलं?"

"राब भाजला," मामा काजळी पुसत अभिमानाने म्हणाले. "आता खुशाल भात पेरा."

"आरं देवा! हितं कांदा लावत्यात. आन् त्यो बैलाचा चारा व्हता!"

एक बाई पदर तोंडाला लावून हसली, मग सगळे हसले, आणि कोणीतरी म्हणालं, "कोकणातलं माणूस हाय, त्याला काय ठावं!" झालं. जन्मभर खाली 'आमी वरचे' म्हणून मिरवलेल्या माणसाला वरच्यांनी एका वाक्यात खाली ढकललं. मामांचा चेहरा मला बघवेना. घोंगडीची घडी करून पिशवीत कोंबत ते म्हणाले, "चला जावईबापू. आपुन यांचे नाय." मी हातापाया पडून त्यांना देवळापर्यंत नेलं. निदान लांबून हात जोडा म्हटलं. ते गर्दीच्या पार मागे उभे राहिले.

तिथली रीत अशी, की गुरव भावकीतल्या एकेका घराचं नाव घेतो, त्या घरातला माणूस ओ देतो आणि नारळ फुटतो. विहिरीवरचं घर, चिंचेखालचं घर, मळ्यातलं घर. सगळी झाली. मग गुरवाने हाक दिली, "खाली उतरलेलं घर!"

ओ आली नाही. तात्या नारळ घेऊन पुढे झाले.

"हे कुठलं घर?" मी शेजारच्याला विचारलं.

"दुष्काळात खाली गेल्यालं. जितं हायत का मेलं, कुनाला ठावं? पर नाव घ्याचं. नारळ तात्याच्या घरचा, दरसाल."

तात्यांनी नारळ उचलला, आणि थांबले. मागे वळून त्यांनी गर्दीत मामांना शोधलं. "पाव्हणं, ओ द्या की. तुमचंच घर हाय."

गुरवाने पुन्हा हाक दिली. तेव्हा मामा ओरडले, "हाय! आमी हाय!" आणि सगळ्या गावादेखत पोरासारखे रडायला लागले. तात्यांनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि नारळ त्यांच्याकडूनच फोडून घेतला.

परतताना घाट उतरून खाली सपाटीला लागल्यावर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बा असायला पायजे होता हो. त्यानंच ओ द्यायची होती."