शामरावांचं ‘नाही’

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही – बायकोजवळही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, ते शामराव गेल्या वर्षी वारले. म्हणजे आता सांगण्यात धाडस असं काही उरलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

नागपूरच्या एका वाहिनीवर दर रविवारी पुढाऱ्यांच्या मुलाखतींचा कार्यक्रम लागतो. तुम्ही पाहिला असेल. पहिल्या भागापासून त्याचं संकलन मी करतो. मुलाखत घेणारे तीनदा बदलले, मी तोच राहिलो. काय ठेवायचं, काय कापायचं – सगळं माझ्या हातात. कापावं तर लागतंच, त्यात गैर काय? पण त्या दिवशी मी कापलं नव्हतं. मी – जोडलं होतं.

शामराव हमालांचे पुढारी. पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते. मीच त्यांना स्टुडिओत खुर्चीवर बसवलं. मुलाखत अगदी सपाट झाली. विचारलं की उत्तर, विचारलं की उत्तर. शेवटी प्रश्न आला, “हमालांचा संप तुम्ही विकलात का?” ते तिथल्या तिथे म्हणाले, “नाही.”

एवढंच. मग मी काय केलं? मुलाखतीआधी, दिवे लावणं चाललेलं असताना, कॅमेरा सुरू होता. त्यात ते मान खाली घालून बसलेले दिसत होते – नवा माणूस, बुजलेला. तो तुकडा मी प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे बसवला. सात सेकंद. मला कुणी सांगितलं होतं का? नाही. शामरावांशी वैर होतं? तेही नाही. भागात जीव येईना, म्हणून.

जीव आला. पानठेल्यांवर आठवडाभर त्या शांततेचीच चर्चा. शामराव पडले. हमालांनी त्यांना संघटनेतूनही काढलं. आणि कार्यक्रमाच्या प्रत्येक वर्धापनदिनी आम्ही ते सात सेकंद पुन्हा दाखवत राहिलो – निवड माझीच असायची.

बऱ्याच वर्षांनी ते हुडकेश्वरच्या भाजीबाजारात भेटले. हातात मेथीची जुडी. त्यांनी मला ओळखलं. वाटलं, आता शिव्या देणार – पण ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “मले त वाटे का मी तडक ‘नाही’ म्हटलं होतं. घरी बी तसंच सांगत होतो. पण टीव्हीवर मीच पायलं नं मले. काहून थांबलो असन गा मी?”

तुम्ही काय म्हणाला असता? एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणालो, “दिव्यांसमोर होतं असं, भाऊ.”

त्यांना ते पटलं नाही. गर्दीत तसेच विचार करत उभे राहिले.

“नाही गा,” ते म्हणाले, “माह्या मनात काही त असन.”

“असेल,” मी म्हणालो.