कलम चारमधला ‘ओन्ली’

सोमवार, सकाळचे साडेदहा. वाशीमच्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघे होतो: वकीलसाहेब, रिठदच्या भाजीपाला गटाचे अध्यक्ष भगवानभाऊ, मी, आणि तीन महिन्यांपूर्वी लागलेली स्वाती राठोड. समोर गटाचा एका कंपनीशी होणारा हिरव्या मिरचीचा करार. इंग्रजी ड्राफ्ट माझा. एकवीस वर्षं मी हेच काम करतो.

भगवानभाऊंनी सहीसाठी पेन उघडलं आणि स्वाती म्हणाली, “काका, कलम चारमधला ‘ओन्ली’ चुकीच्या जागी आहे.”

साहेबांसमोर! तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं साहेब तोवर दोनदा बोलले होते. मी मोजलं होतं.

वाक्य असं होतं: The Company shall buy only A-grade chillies from the Group.

“व्याकरणात चूक दाखव,” मी म्हणालो.

“व्याकरण बरोबर आहे, काका. अर्थ चुकलाय.”

भगवानभाऊ वैतागले. “पोरी, मले मराठीत सांग.”

“भाऊ, आपला ‘च’ असते ना, तसा हा ओन्ली. ज्याच्याजवळ बसला त्यालेच धरते. कंपनीसंगं बोलणं काय झालं होतं?”

“कंपनी ए ग्रेड आमच्याकडूनच घेईन. बी ग्रेडही घेईन, भाव कमी.”

“इथं लिवलं हाये, कंपनी तुमच्याकडून ए ग्रेडच घेईन.”

भगवानभाऊंनी पेन मिटलं. “मंग बी ग्रेड काय बकऱ्याईले चारू? अर्धा तोडा तोच असते!” मग माझ्याकडे वळून, “भाऊ, तुमचा ‘च’ तं भलत्याच्याच मांडीवर जाऊन बसला!”

साहेब हसले. मी नाही.

ती बरोबर आहे, हे मला लगेच कळलं होतं. तरी ‘इंग्रजीत असं चालतं’ म्हणत मी चार-पाच मिनिटं वाद घातला. भगवानभाऊंनी माझं ऐकलं असतं, तर गटाचा अर्धा माल हंगामभर पडून राहिला असता.

स्वातीने ‘only’ उचलून ‘from’च्या आधी ठेवला. बी ग्रेडसाठी वेगळं वाक्य घातलं. सही झाली.

आता प्रत्येक ड्राफ्ट मी आधी मराठीत, ‘च’ लावून मोठ्याने वाचतो. आणि मग तिला वाचायला देतो. ते जास्त जड जातं.

ड्राफ्टिंगची फी तीन हजार. साहेबांनी दोन चेक लिहायला सांगितले: स्वातीला ‘रुपये दोन हजार फक्त’, मला ‘रुपये एक हजार फक्त’. दोन्ही मीच लिहिले. माझ्या चेकवरचं ‘फक्त’ मला जास्त नेमक्या जागी वाटलं.