साडूंचा फंड

माझ्या थोरल्या साडूंइतका करमुक्त पैशाला घाबरणारा माणूस अख्ख्या बोरिवलीत सापडणार नाही. कर भरावा लागेल म्हणून लोक घाबरतात. साडू घाबरले ते लागणार नाही म्हणून. अंधेरीच्या औषध कंपनीत उभी हयात घालवून निवृत्त झाले, आणि प्रॉव्हिडंट फंड एकरकमी काढला तर किती कापला जाईल, या प्रश्नाने त्यांना जे पछाडलं ते सुटेना. घरात बसणं त्यांना जमेना. चहाचा कप घेऊन हॉल ते बाल्कनी अशा फेऱ्या चालायच्या आणि जाता-येता भेटेल त्याला तोच प्रश्न. मुलुंडला आमच्या भाचीच्या साखरपुड्यात शेजारी एक तरुण सीए जेवायला बसला होता. साडूंनी त्याला श्रीखंडाचा पहिला घासही सुखाने घेऊ दिला नाही. तो म्हणाला, "काका, नोकरी सलग पाच वर्षांच्या वर झालीय ना? मग सगळी रक्कम करमुक्त." घरी येताना साडू मला म्हणाले, "मुलगा फार हसतो रे. हसणाऱ्याला कर कळत नाही." मग न हसणारा सीए शोधायला दहिसरला गेले. त्यानेही तेच सांगितलं, वर एक भर घातली: निवृत्तीनंतर फंड तसाच पडून राहिला, तर पुढच्या व्याजावर मात्र कर लागतो. साडू तिथूनच मला फोन करून म्हणाले, "वाट लागली. ठेवले तरी मेलो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन कॉम्प्युटरवर अर्ज भरला. शेवटचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला. साडू मोबाइल हातात धरून नुसते बघत राहिले. वेळ संपली. पुन्हा मागवला, पुन्हा तेच.

"अहो, आकडे सांगा ना," मी म्हणालो.

"सांगतो रे. घाई काय आहे?"

त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शेवटच्या दिवशी ऑफिसातूनही असेच निघत नव्हते. वॉचमनने दिवे घालवले तेव्हा आले घरी."

साडू खुर्चीच्या कडेवर टेकले. हळूच म्हणाले, "हे पैसे आहेत तोवर तिकडे माझं काहीतरी आहे असं वाटतं. काढले की संपलंच ना."

इतके दिवस आम्ही त्यांना कराच्या तरतुदी समजावत होतो. ताईने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा ओटीपी आला तेव्हा साडूंनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

काही दिवसांनी भर दुपारी त्यांचा फोन आला. "जमा झाले. एक रुपया कापला नाही." आवाजात आनंद शोधावा लागत होता. मी अभिनंदन केलं, ताईची चौकशी केली, आणि आता बोलायला दोघांकडेही काही उरलं नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांब रे, ठेवू नकोस. बोल ना काहीतरी."